उंदराच्या मेंदूत कांट शोधताना

२०१४ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल जॉन ओकीफ, माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना मिळाले. उंदीर एका ठरावीक जागी आला की त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातली ठरावीक पेशी चेतते, हे ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवले होते. मोझर पतिपत्नींना २००५ मध्ये मेंदूच्या शेजारच्याच भागात वेगळ्या पेशी सापडल्या. त्यांतली एखादी पेशी जिथे जिथे चेतते त्या जागांवर ठिपके दिले तर समभुज त्रिकोणांची नेटकी जाळी तयार होते. शोध विलक्षण आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण पुरस्कार जाहीर करताना नोबेल समितीने जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटचे नाव घेतले: काही मानसिक क्षमता अनुभवाच्या आधीच आपल्यात असतात आणि अवकाश ही त्यांतलीच एक, असे दोनशे वर्षांपूर्वी त्याने म्हटले होते, वगैरे. तेव्हापासून ‘मेंदूशास्त्राने कांटला बरोबर ठरवले’ हे वाक्य लोकप्रिय विज्ञानलेखनात रुळले आहे. त्याचे जुळे भावंडही तितकेच धडधाकट आहे: ‘मेंदूशास्त्राने कांटला चूक ठरवले.’

माझ्या मते दोन्ही वाक्ये एकाच खड्ड्यात पडतात. इंद्रियांच्या अभ्यासाने भूमितीचे तत्त्वज्ञान बदलले, आणि ते मुळापासून बदलले, हे खरे आहे. मात्र भूमिती जन्मजात की शिकलेली, या वादाचा निकाल लावून ते बदललेले नाही. ते कशाने बदलले हे सहसा सांगितले जात नाही, कारण ती गोष्ट मेंदूच्या रंगीत चित्रांइतकी आकर्षक दिसत नाही.

कांटचा दावा आधी नीट मांडू. १७८१ च्या ग्रंथात तो म्हणतो की बाहेरचे काहीही अनुभवायचे तर ते आधीच अवकाशात मांडलेले असावे लागते. त्यामुळे अवकाशाची कल्पना अनुभवातून उचलता येणार नाही. भूमितीची विधाने या मांडणीच्या चौकटीबद्दल बोलतात, म्हणून ती जगाबद्दल असूनही जगाकडे न पाहता खरी ठरतात आणि अटळपणे खरी ठरतात. इथे ‘आधी’ हा शब्द घड्याळातला नाही. न्यायालयात खटला उभा राहण्याआधी कायदा असावा लागतो, त्या अर्थाने हे ‘आधी’ आहे. कायदा लागू आहे की नाही हे तो कोणत्या छापखान्यात छापला यावरून ठरत नाही. कांटला हा फरक पक्का ठाऊक होता. १७९० मध्ये एका टीकाकाराला उत्तर देताना त्याने साफ लिहिले की आपले तत्त्वज्ञान कोणतीही जन्मजात कल्पना मानत नाही. उंदराच्या पिल्लात काय जन्मतः असते हे शोधून त्याला दुजोरा देणे म्हणजे छापखाना तपासून कायद्याचा अर्थ लावण्यासारखे आहे.

मग इंद्रियांच्या अभ्यासाचा भूमितीशी संबंध आला कुठून? तो कांटच्याही आधीचा आहे. १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यूने इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकला एक कोडे पाठवले. जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन वेगळे ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता नुसते पाहून कोणता गोल आणि कोणता घन हे तो सांगू शकेल का? लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत हे कोडे छापले आणि उत्तर ‘नाही’ दिले. मॉलिन्यूचेही तेच मत होते. पण कोड्यातली खरी ठिणगी पुढे तत्त्वज्ञ बर्कलीने पाहिली. डोळ्याचा गोल आणि हाताचा गोल या दोन वेगळ्या वस्तू असतील, तर भूमितीतला गोल यांपैकी कोणता? १७०९ मध्ये बर्कलीने उत्तर दिले की भूमिती स्पर्शाच्या आकारांबद्दल आहे. दिसणारा आकार जवळ-लांब होताच बदलतो, त्यावर पट्टी ठेवताच येत नाही.

थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने ही कल्पना उलट्या टोकाने धरली. नुसता डोळा असलेला, स्पर्श आणि खोली ठाऊक नसलेला प्राणी भूमिती रचेल तर ती कशी असेल? १७६४ मध्ये त्याने ती लिहूनच काढली. त्या प्राण्याची प्रत्येक सरळ रेषा वाढवत नेली की स्वतःलाच येऊन मिळते. त्याच्या प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा जास्त भरते.

हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण पडताळायला फार कष्ट नाहीत. घनाकृती खोलीच्या बरोबर मध्यभागी डोळा आहे असे धरा आणि छताच्या एका कोपऱ्याकडे थेट पाहा. तिथे तीन कडा मिळतात, दोन छताच्या आणि एक भिंतींच्या जोडाची. या तीन कडा त्या बिंदूभोवती सारख्या पसरलेल्या दिसतात, म्हणजे दर दोन कडांमध्ये १२० अंश. छताला असे चार कोपरे आहेत. चारी कडा सरळ दिसतात आणि कोनांची बेरीज ४८० अंश भरते. युक्लिडच्या, म्हणजे शाळेतल्या भूमितीच्या, चौकोनाला ३६० वर एक अंशही परवडत नाही. तरी छत कसे दिसते असे कोणी विचारले तर आपण बिनदिक्कत ‘चौरस’ म्हणतो. डोळ्यासमोर आयुष्यभर एक अयुक्लिडीय भूमिती असते आणि ती आपल्याला दिसत नाही. रीडलाही आपण काय केले हे पुरते उमगले नसावे. युक्लिडला धक्का लावतो आहोत असे त्याला वाटले नाही. अयुक्लिडीय भूमिती रचणारे गणिती लोबाचेव्हस्की, बोल्याय आणि रीमान यांना अजून अर्धशतकाहून जास्त वेळ होता.

आता या कथेचा नायक. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ शिक्षणाने डॉक्टर. १८४९ ते १८५५ तो क्योनिग्जबर्गला शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक होता, म्हणजे कांटच्याच गावात. जिवंत माणसाच्या डोळ्याचे दृष्टिपटल पाहता येईल असे उपकरण त्याने तिथेच बनवले. १८५५ मध्ये कांटच्या स्मारकाला मदत म्हणून त्याने मानवी दृष्टीवर व्याख्यान दिले आणि त्यात जवळजवळ नोबेल समितीचेच वाक्य म्हटले. हेल्महोल्ट्झचा गुरू योहानेस म्यूलर याने दाखवले होते की दृष्टीच्या मज्जातंतूला कसेही डिवचा, अगदी डोळ्यावर बोट दाबा, तरी अनुभव प्रकाशाचाच येतो. संवेदनेचे रूप बाहेरच्या वस्तूपेक्षा आपल्या रचनेवर ठरते. हा कांटच्या विचाराला शरीरशास्त्राने दिलेला दुजोराच नव्हे का, असा व्याख्यानाचा सूर होता. म्हणजे कांटला प्रयोगशाळेत शोधण्याची खोड दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती एका अतिशय मोठ्या माणसाला होती.

फरक एवढाच की हेल्महोल्ट्झ तिथे थांबला नाही. पुढची दहा-बारा वर्षे तो डोळ्यावरचा आपला अवाढव्य ग्रंथ लिहीत राहिला आणि त्याचे मत सरकत गेले. लोलकाचा चष्मा घातला की सगळे एका बाजूला सरकलेले दिसते. बोटाने वस्तू दाखवायला गेलात तर नेम चुकतो. काही वेळ हात हलवत राहिलात की नेम बसतो, आणि चष्मा काढला की आता तो उलट्या बाजूला चुकतो. दृष्टिपटलावर वस्तूचे चित्र कुठे पडले यावरून ती कुठे आहे हे ठरत नाही. हाताच्या हालचाली आणि डोळ्याच्या खुणा यांची सांगड बसवावी लागते आणि ती पुन्हा पुन्हा बसवता येते. संवेदना ही जगाची प्रतिमा नसून खूण आहे, असे तो म्हणू लागला. अक्षर आणि उच्चार यांच्यात जसे साम्य नसते, तरी वाचायला शिकता येते, तसे.

खुणा वाचून अवकाश शिकता येत असेल तर पुढचा प्रश्न टळत नाही: या शिकण्यात युक्लिड कुठे शिरतो? डोळ्याचा अभ्यासक इथे भूमितीत उतरला. रीमानने १८५४ च्या व्याख्यानात भूमितीच्या पायाशी असलेल्या ‘गृहीतकां’चा विचार मांडला होता, पण ते छापून आले १८६८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. रोजच्या अनुभवात अनेक दिशांनी सलग बदलू शकणाऱ्या गोष्टी फार थोड्या, वस्तूंच्या जागा आणि रंग, असे रीमानने त्यात म्हटले होते. योगायोग असा की हेल्महोल्ट्झने या दोन्हींवर वर्षे घालवली होती. त्याच वर्षी त्याने आपला लेख प्रसिद्ध केला आणि शीर्षकात ‘गृहीतके’ऐवजी मुद्दाम ‘तथ्ये’ हा शब्द घातला.

कोणते तथ्य? मोजणे म्हणजे एक वस्तू उचलून दुसरीवर ठेवणे. त्यासाठी उचलताना आकार न बदलणाऱ्या, कुठेही नेता आणि कशाही फिरवता येणाऱ्या वस्तू हव्यात. एवढे मान्य केले की अवकाशाच्या बहुतेक कल्पना बाद होतात आणि ज्यांची वक्रता, म्हणजे वाकलेपण, सगळीकडे सारखी तेवढ्याच उरतात. हेल्महोल्ट्झला आधी वाटले की अनंत विस्ताराची अट जोडली की एकटा युक्लिड उरतो. १८६९ मध्ये इटालियन गणिती बेल्ट्रामीने पत्र लिहून चूक दाखवली: ऋण वक्रतेची (जिथे त्रिकोणाचे कोन दोन काटकोनांपेक्षा कमी भरतात), लोबाचेव्हस्कीची भूमितीही या चाळणीतून निसटते. हेल्महोल्ट्झने चूक मानली, आणि ही चूकच त्याच्या विचारातला सर्वात फलदायी क्षण ठरली असे मला वाटते. आता त्याच्यासमोर दोन भूमिती होत्या, दोन्ही हालचालीच्या अटी पाळणाऱ्या. त्यांतली एकच आपल्याला ‘दिसते’ असे कांटचे अनुयायी म्हणत होते.

कांटवाद्यांचा सगळा जोर खरे तर इथेच होता. तुम्ही कागदावर हवी ती समीकरणे मांडा, पण दुसरा अवकाश डोळ्यांसमोर आणून दाखवा. आणता येत नाही ना? मग युक्लिड ही आपल्या पाहण्याचीच चौकट आहे. १८७० मध्ये हायडेलबर्गला सामान्य श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानात हेल्महोल्ट्झने उलट विचारले: ‘डोळ्यांसमोर आणणे’ म्हणजे नक्की काय करणे? इंद्रियांवर काम केलेल्या माणसाचे त्याचे उत्तर असे: त्या परिस्थितीत आपल्या इंद्रियांना कोणत्या क्रमाने कोणत्या संवेदना होतील ते संपूर्ण सांगता येणे. एवढे साधले की कल्पना केली. याहून जास्त काही आपण युक्लिडच्या अवकाशाबाबतही करत नाही.

आणि मग त्याने ते करून दाखवले. ऋण वक्रतेच्या जगात गेलेल्या माणसाला दूरच्या वस्तू ठरावीक अंतरावर, समजा शंभर फुटांवर, असल्यासारख्या दिसतील. तो त्यांच्याकडे चालू लागला की त्या फुगत जातील, खोलीच्या दिशेने अधिक, आणि मागे पडलेल्या आक्रसतील. त्याचा आणखी एक दृष्टान्त मला याहूनही आवडतो. बाहेर फुगलेल्या आरशात एक माणूस पट्टीने खोली मोजतो आहे. आपल्याला दिसते की तो आरशात जसजसा आत जातो तसतसा तो आक्रसतो, पण पट्टीही त्याच प्रमाणात आक्रसते. त्याची मोजमापे आपल्या मोजमापांशी तंतोतंत जुळतात. आरशातला माणूस बोलू लागला तर म्हणेल, वाकडे जग तुमचे आहे. त्याला खोडून काढेल असा एकही प्रयोग आपल्यापाशी नाही.

हेल्महोल्ट्झवर तेव्हाच टीका झाली. डच तत्त्वज्ञ लांट याने १८७७ मध्ये म्हटले की संवेदनांची यादी करणे म्हणजे अंतःप्रत्यक्ष, म्हणजे मनाने थेट पाहणे, नव्हे. या आक्षेपात अर्धे तथ्य आहे. आंधळ्या मुलाला रंगांची यादी पाठ असली म्हणून तो रंग पाहतो असे कोणी म्हणणार नाही. पण अवकाश हा रंगासारखा एका झटक्यात मिळत नाही. छताच्या कोपऱ्याचे उदाहरण आठवा. आपण छत ‘चौरस पाहतो’ ते एका नजरेत नव्हे, इथून तिथे गेलो तर काय दिसेल या अपेक्षांच्या आधाराने पाहतो. अपेक्षांची साखळी हेच जर अवकाशाचे दर्शन असेल, तर वेगळी साखळी म्हणजे वेगळ्या अवकाशाचे दर्शन. हा युक्तिवाद डोळा आणि हात यांच्यावर वर्षानुवर्षे प्रयोग केल्याशिवाय सुचला नसता. इंद्रियांच्या अभ्यासाने भूमितीच्या तत्त्वज्ञानाला दिलेली खरी देणगी ही आहे. भूमिती कुठून येते याचे उत्तर त्यात नाही. अवकाशाची कल्पना करणे म्हणजे काय, याचे आहे.

उगमाच्या प्रश्नाला जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने १८८४ मध्येच टोमणा मारून ठेवला होता. विधान सुचण्याची कारणे आणि ते खरे असण्याची कारणे यांची गल्लत केली, तर पायथागोरसच्या सिद्धान्ताच्या सिद्धतेत मेंदूतल्या फॉस्फरसचे प्रमाणही धरावे लागेल! टोमणा अचूक आहे. गंमत अशी की हाच फ्रेगे भूमितीच्या बाबतीत अखेरपर्यंत कांटवादी राहिला आणि अयुक्लिडीय भूमितीला त्याने आपल्या दारात उभे केले नाही. उगमाच्या चुकीपासून वाचलेला माणूस कल्पनेच्या चुकीपासून वाचतोच असे नाही.

फ्रेंच गणिती प्वँकारेने १९०२ मध्ये हालचालीचा धागा आणखी घट्ट ओढला. समोरची वस्तू बदलली हे डोळ्याला कळते, पण ती सरकली की रंगरूपाने बदलली हे कसे कळावे? आपण स्वतः हलून आधीचे दृश्य परत आणू शकलो, तर तो बदल जागेचा, नाहीतर तो अवस्थेचा. म्हणून अजिबात न हलणाऱ्या जीवाला भूमिती सुचणार नाही, त्याची दृष्टी कितीही तीक्ष्ण असो. खोलीच्या जाणिवेबद्दलही त्याने एक भन्नाट निरीक्षण केले. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि भिंगाचा फुगवटा बदलतो. या दोन संवेदना कायम जोडीने बदलतात, म्हणून दृश्य अवकाशाला तीन मिती. त्या एकमेकींपासून सुट्या बदलत असत्या तर आपण चार मिती मानल्या असत्या. म्हणजे मितींची संख्याही संवेदनांमधल्या एका जुळणीवर टेकलेली.

यातून प्वँकारेने निष्कर्ष काढला की कोणती भूमिती वापरायची हा सोयीचा संकेत आहे आणि युक्लिड सर्वात सोपा असल्याने त्याला कधीच सोडण्याची वेळ येणार नाही. पहिला भाग मला पटतो, दुसऱ्याने त्याची फसगत केली. चौदाच वर्षांत भौतिकशास्त्राने युक्लिड सोडला, आणि १९२१ च्या बर्लिनमधल्या व्याख्यानात आइन्स्टाइनने मान्य केले की तत्त्वतः प्वँकारे बरोबर आहे, पण आज पट्टी आणि घड्याळ यांना अर्थ देऊनच पुढे जावे लागेल. आकार न बदलणारी वस्तू कोणती हे एकदा ठरवले की भूमिती प्रयोगाची बाब होते. ते न ठरवता प्रयोग निरर्थक. हेल्महोल्ट्झचा आरशातला माणूसच इथे बोलतो आहे.

मॉलिन्यूच्या कोड्याचे काय झाले? भारतात जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रोजेक्ट प्रकाशमधून २०११ मध्ये एक अभ्यास आला. आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना दृष्टी मिळाल्यावर लगेच, स्पर्शाने ओळखलेली वस्तू नुसती पाहून निवडता आली नाही. काही दिवसांत ते जमू लागले. लॉकचे ‘नाही’ खरे ठरले, शिवाय सांगड किती झपाट्याने बसते हेही दिसले. हेल्महोल्ट्झला आनंद झाला असता. पण यातून कांट हरला असे लिहिणाऱ्यांना मी छापखान्याची आठवण करून देईन.

डोळ्याला आपल्यापुरती युक्लिडची शिस्त आहे का, हेही लोकांनी तपासले. १९१३ मध्ये ब्लूमेनफेल्डने अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचे ठिपके ठेवून लोकांना दोन कामे दिली: ठिपक्यांच्या दोन रांगा समांतर दिसतील अशा लावा, आणि समोरासमोरच्या ठिपक्यांमधले अंतर सारखे दिसेल अशा लावा. युक्लिडच्या जगात दोन्ही कामांचे उत्तर एकच यायला हवे. ते आले नाही. १९४७ मध्ये लूनेबुर्गने यावरून दृश्य अवकाश ऋण वक्रतेचा असल्याचा सिद्धान्त मांडला. पुढच्या प्रयोगांत वक्रता अंतराप्रमाणे आणि दिलेल्या कामाप्रमाणे बदलताना दिसली. दृश्य अवकाशाला एकच ठाम भूमिती असावी ही अपेक्षाच मला आता चुकीची वाटते. ‘समांतर’ या शब्दाला पट्टीशिवाय फारसा अर्थ नाही, हे बर्कलीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओळखले होते.

आणि मोझर पतिपत्नींच्या त्या जाळी-पेशी? उंदराची पिल्ले घरट्याबाहेर पडू लागताच दिशा आणि जागा सांगणाऱ्या पेशी काम करताना आढळतात आणि जाळी जराशी मागाहून येते, असे २०१० मधल्या अभ्यासांत दिसले. बरेच काही जन्मतः तयार असते, हे मान्य. पण २०१५ मध्ये असेही दिसले की चौरसाऐवजी समलंब चौकोनाच्या आकाराच्या आवारात सोडले की त्या जाळीची समरूपता बिघडते, त्रिकोण वेडेवाकडे होतात. युक्लिडचा गुरू म्हणून मिरवायला ही जाळी फारच लवचिक आहे.

शिवाय ती बिघडली हे आपल्याला कळले कसे? आवाराची जमीन सपाट केलेली होती, भिंती मापाने उभ्या केल्या होत्या आणि उंदीर कुठे आहे हे संगणक सेंटिमीटरमध्ये नोंदवत होता. समभुज त्रिकोण उमटले आणि मग वाकले ते त्या नकाशावर, आणि नकाशा आखला होता आकार न बदलणाऱ्या पट्टीने. उंदीर आवारात सोडण्याच्या आधीच, जमीन समपातळीत आणताना, कोणीतरी युक्लिडला तिथे नेऊन ठेवले होते.